ॲटिकाच्या दारात

बफेलो, न्यूयॉर्क

ती. आप्पा,
सप्रेम जय भीम.

ॲटिकाचा तुरुंग तुझ्यापासून किती लांब, असं तुम्ही फोनवर विचारलंत. गाडीने तासभर. रविवारी जाऊन आलो.

तुरुंग अजून चालू आहे. आजूबाजूला शेतं, गोठे आणि मध्येच तीस फूट उंच करडी भिंत. दारासमोर १९७१च्या कैद्यांच्या उठावात मेलेल्या कर्मचाऱ्यांची नावं कोरलेला दगड आहे. त्यावर कैद्यांचं नाव एकही नाही. मेले एकूण ४३, त्यांत कैदीच जास्त.

तुम्ही जॉर्ज जॅक्सन या काळ्या कैद्याबद्दल विचारलंत, तर सुरुवात तिथूनच होते. पेट्रोल पंपावरच्या ७० डॉलरच्या चोरीसाठी शिक्षा ‘एक वर्ष ते जन्मठेप’, म्हणजे कधी सोडायचं ते पॅरोल मंडळाच्या मर्जीवर. आत तो मार्क्स-माओ वाचून ब्लॅक पँथर झाला, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या त्या पक्षाचा. २१ ऑगस्ट १९७१ला कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात तो गोळीने मेला. त्याच दिवशी तीन पहारेकरी आणि दोन कैदीही मारले गेले, हे आपल्या लोकांनी त्याचा फोटो लावताना विसरू नये असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी ॲटिकात शेकडो कैदी दंडाला काळी फीत बांधून नाश्त्याला बसले. कुणी घासाला शिवलं नाही, कुणी बोललंही नाही. पहारेकरी त्या शांततेलाच जास्त घाबरले म्हणतात.

९ सप्टेंबरला उठाव झाला. आठवड्याला एकच अंघोळ, महिन्याला एकच टॉयलेट पेपरचा रोल. मागण्या अशा गोष्टींपासून सुरू होत्या. पहिल्या तडाख्यात एका पहारेकऱ्याला जबर मार बसला, तो पुढे दवाखान्यात मेला. नंतर मात्र ओलीस धरलेल्या कर्मचाऱ्यांभोवती ब्लॅक मुस्लिमांनी, म्हणजे नेशन ऑफ इस्लामच्या काळ्या कैद्यांनी कडं केलं, कुणाला हात लावू दिला नाही. मध्यस्थांनी गव्हर्नर रॉकफेलरना ‘या’ म्हणून विनवलं. ते आलेच नाहीत.

१३ तारखेला हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडला आणि पोलिसांनी अंदाधुंद गोळ्या झाडल्या. २९ कैदी आणि ओलीस असलेली सरकारचीच १० माणसं गेली. वर पेपरवाल्यांना सांगितलं, कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले! दुसऱ्याच दिवशी शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. एडलँडनी सांगून टाकलं, सगळे गोळ्यांनी मेलेत. बंदुका तर एकाच बाजूकडे होत्या. कैद्यांचं निवेदन वाचून दाखवणारा एल. डी. बार्कली २१ वर्षांचा होता, पॅरोलवर असताना विनापरवाना गाडी चालवली म्हणून आत आलेला. तोही त्यात गेला. वाचलेल्यांना नागडं करून झोडपलं. त्यांना ८० लाख डॉलर मिळाले ते २००० साली.

मुंबईत दलित पँथर निघाली १९७२ला, म्हणजे ॲटिकाला वर्षही झालं नव्हतं. नाव इकडच्या ब्लॅक पँथरवरून आलं हे माहीत आहे, पण या तुरुंगाबद्दल तेव्हा तुमच्या कानावर काय आलं होतं? पत्र्याच्या पेटीतल्या जुन्या अंकांत काही सापडलं तर दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. वाळवी लागायच्या आत, कृपा करून.

आईचे गुडघे कसे आहेत? तेलाचे पैसे वाचवू नका म्हणावं.

तुमचा,
राहुल