उन्हाळी आणि धन्याचे पाणी

महोदय,

मराठवाड्यात वैशाखात कुणाला ‘उन्हाळी लागली’, म्हणजे लघवीला जळजळ सुरू झाली, की रात्रभर भिजवलेल्या धन्यांचे पाणी खडीसाखर घालून दिले जाते. आमची आजी तर बांधावरचे सराटे, म्हणजेच गोखरू, कुटून काढा करीत असे आणि ते वेचताना काटे आमच्याच तळपायांत रुतत. या उपायांच्या गुणात पोटात जाणाऱ्या पाण्याचाच वाटा मोठा असावा, असे मला वाटते. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा लघवीतून रक्त गेले, तर काढ्यावर दिवस काढू नयेत, कारण जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. फडावर आडोसा नसल्याने पाणीच न पिणाऱ्या ऊसतोड बायकांसाठी तर कोपीजवळ, म्हणजे त्यांच्या राहत्या झोपडीजवळ, शौचालये उभारावीत, ही विनंती.

— एक वाचक, बीड