लेथवाल्या भाऊंचे आभार

पवनीच्या बाजारातले लेथवाले भाऊ, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मामाचा जुना स्कुबा रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्यासाठी सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करणारं यंत्र, सिलिंडरला जोडला की माउथपीसमधून सारखी हवा फुसफुसायची. सिलिंडरमधला 200 बारचा दाब पहिल्या टप्प्यातच 10 बारच्या आसपास यायला हवा; पण सीट, म्हणजे हवा अडवणारी आतली छोटी चकती, झिजलेली, म्हणून तो हळूहळू चढतच राहायचा. तुम्ही भिंग लावून आतल्या पितळी कडेवरचा केसाएवढा ओरखडा दाखवला आणि बारीक पॉलिश पेपरने, अगदी हलक्या हाताने, घासून काढला. पैसे? चहावर भागवलं. नवी सीट पाठवणाऱ्या अनोळखी माणसाने तर टपालखर्चही घेतला नाही. आणि मोटारपंपाच्या दुकानातल्या ताई, ओ-रिंगचा, म्हणजे रबरी कड्यांचा, अख्खा डबा काउंटरवर ओतलात, माप जुळेना तरी कंटाळला नाहीत. आता गेजचा काटा जागेवर थांबतो. वैनगंगेच्या डोहात उतरायचं अजून बाकी आहे. सध्या बादलीतच बुडबुडे शोधतोय, बायकोची तशी अट आहे.