प्रज्ञान स्वतःहून वळला नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत अंतराळातल्या यंत्रमानवांवरचा लेख वाचला. ‘खड्डा दिसताच प्रज्ञानने कृत्रिम बुद्धिमत्तेने वाट बदलली’ हे त्यातले चांद्रयान-३ च्या चंद्रावर फिरलेल्या गाडीबद्दलचे विधान साफ चुकीचे आहे. २७ ऑगस्ट २०२३ ला प्रज्ञानच्या पुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला, तेव्हा मागे फिरण्याची आज्ञा पृथ्वीवरून गेली. इस्रोने दुसऱ्याच दिवशी तसे जाहीर केले होते. प्रज्ञानला घेऊन गेलेल्या विक्रम यानाने खरोखर एकट्याने केले ते चंद्रावर उतरण्याचे काम, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही!

हे मला लागले, कारण हीच चूक उलट्या बाजूने मी केली आहे. २३ ऑगस्टच्या संध्याकाळी आमच्या जिल्हा परिषद शाळेत टीव्हीसमोर सगळे गाव जमले होते. विक्रम खाली येत असताना सहावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, रिमोट कुणाकडं आहे?” “बंगळूरच्या शास्त्रज्ञांकडं,” असे मी सांगून टाकले. रात्री वाचले तेव्हा कळले, की पावणेसहाच्या सुमारास उतरणे सुरू झाल्यावर शास्त्रज्ञांच्या हाती फक्त बघणे होते. उंची-वेग मोजणे, कॅमेऱ्याने खाचखळगे टाळणे, इंजिनांचा जोर कमी-जास्त करणे, सगळे विक्रमचा संगणकच करत होता. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी चूक कबूल केली. त्यावर तिचा प्रश्न आला, “मग मागच्या वेळी का पडलं?”

२०१९ मध्ये चांद्रयान-२ उतरताना इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, चुका साठत गेल्या आणि ठरलेली जागा होती जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद. पुढची चार वर्षे माणसे हेच दुरुस्त करत बसली. जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. ‘यंत्राच्या बुद्धीने’ असे लिहिले की ही चार वर्षे पुसली जातात.

मंगळाची गोष्ट वेगळी. तिथे संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणून नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीला स्वतः वाट काढावी लागते. चंद्रावर संदेश सव्वा सेकंदात जातो. लेखकाने दोन्ही गाड्या एकाच दावणीला बांधल्या.

आणि ते चित्र! प्रज्ञानला सहा चाके आहेत, तुमच्या चित्रात चार. इस्रोची खरी छायाचित्रे असताना हे कशासाठी? मुले ही चित्रे कापून वहीत चिकटवतात. पुढच्या रविवारी त्याच पानावर दोन्ही चुकांची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा