रेडिओवाले काका, फाटकावरच्या बेलबद्दल आभार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरच्या चार घरांच्या वतीनं हे पत्र. मुद्दाम उघडं लिहितोय. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी उसात घर असलेल्या कुणालाही लागू आहेत, आणि तुम्ही त्या स्वतः कधी लिहून ठेवणार नाही हे तुमच्या दुकानात बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिले आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. फाटकावर कुणी आलं की घरात आपोआप वाजणारी सेन्सर-बेल घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, रेंज किती पाहिजे. तुम्ही विचारलंत, 'कोण आलं की वाजायला पाहिजे, आणि कोण आलं तरी वाजायला नको?' त्यावरच निम्मी यंत्रं बाद झाली. गाडी, दुचाकी आणि पायी येणारा माणूस कळायला हवा. कुत्री, मोर आणि शेजारच्या बांधावरची शेळी कळली नाही तरी चालेल, किंबहुना कळूच नये.

फक्त गाड्यांपुरती गरज असती तर जमिनीत पुरायचा चुंबकीय प्रोब हाच उत्तम, हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत. जवळून लोखंड सरकलं की त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तो वाजतो. कुत्रं, पाऊस, ऊन, पाचट, कशाशीच त्याला देणंघेणं नाही. चारचाकी तीन-साडेतीन मीटरवरून सापडते, मोटरसायकल मात्र अगदी जवळून जावी लागते, आणि पायी माणूस सापडतच नाही. पुरताना तो रस्त्याच्या कडेला, रस्त्याला समांतर, वीतभर खोल आडवा ठेवायचा; विजेच्या तारा, पंपाची केबल आणि वाऱ्यानं हलणारं तारेचं कुंपण यांच्यापासून लांब. काळ्या मातीचा तुमचा इशारा तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात प्रोब तसूभर जरी हलला तरी पृथ्वीच्याच चुंबकीय क्षेत्रात तो फिरतो आणि कुणी नसताना वाजतो. म्हणून खड्डा मोठा घ्यायचा, खाली-वर मुरूम घालायचा, चोपून बसवायचा.

हवेच्या रबरी नळीची बेलही तुम्ही काढून दाखवलीत. चाक नळीवर चढलं की हवा दाबली जाते आणि पडद्याचा स्विच लागतो. साधी आणि भरवशाची, पण डांबरावर. मातीच्या वाटेवर ती चिखलात रुतते, आणि उंदीर रबर सोडत नाहीत. दोन खांबांमधली अदृश्य किरणांची बेल अचूक असते, विशेषतः दोन किरण एकदम तुटल्याशिवाय न वाजणारी. मग पान पडलं किंवा पाखरू गेलं तरी गप्प राहते. पण तिला दोन्ही खांबांवर 12 व्होल्ट पोचवावे लागतात आणि खांब जरा कलला की पुन्हा जुळवणी. फाटकावर वीज असती तर आम्ही तीच घेतली असती. तिथवर तार ओढायचा आमचा हट्ट तुम्ही हिशेबानं मोडलात: 250 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 500 मीटर तार; अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध 18 ओहम; दोन्ही खांब मिळून 100 मिलिअँपिअर घेतात असं धरलं तर वाटेतच 1.8 व्होल्ट जातात. तार जाड घेतली तरी नांगर, घुशी आणि पावसाळ्यातल्या विजा आहेतच.

राहिला उष्णतेचा सेन्सर, पीआयआर. शेवटी तोच घेतला. पण त्याचे दोष तुम्ही विकण्याआधी सांगितलेत, त्याबद्दल खास आभार.

तो अंगाची ऊब मोजत नाही. मागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी हललं एवढंच त्याला कळतं. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा माती, झुडूप आणि माणसाची त्वचा जवळजवळ एकाच तापमानाला येतात, तेव्हा समोरून माणूस गेला तरी त्याला तो दिसत नाही. याला बेल बिघडली म्हणायचं नाही. संध्याकाळ झाली की तीच बेल पुन्हा दहा मीटरवरून पकडते. दुसरं, आडवं जाणारं त्याला लवकर दिसतं, सरळ अंगावर येणारं उशिरा. फाटकाच्या मधोमध, येणाऱ्याच्या तोंडावर सेन्सर लावायची सगळ्यांची सवय असते. तो लावायचा कडेला, वाट आडवी छेदेल असा. आणि तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको. उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात शिरतो.

उंचीवर तुम्ही जो अर्धा तास घालवलात तो आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. सेन्सर कमरेच्या वर, सव्वा मीटरवर, सपाट धरला आणि भिंगाचा खालचा भाग आतून चिकटपट्टीनं झाकला, की कुत्री बहुतेक गळतात. पण जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, आणि बिबट्याचा खांदा काही माणसाच्या कमरेएवढा नसतो. कुत्रा गाळला की तोही गळला. वस्तीवर कुणीतरी 'आता बेल आहे, रात्री निर्धास्त' असं म्हणायच्या आत तुम्ही हे बोललात. फाटकाची बेल पाहुण्यासाठी. गोठ्याजवळ हवाच असेल तर दुसरा सेन्सर, गुडघ्याच्या उंचीवर, वेगळ्या सुरावर लावायचा आणि त्याच्या खोट्या गजरांची सवय ठेवायची. तोसुद्धा गोठ्याच्या जाळीची आणि उजेडाची जागा घेत नाही. तुमच्या दुकानात या वाक्यामुळे एक सेन्सर कमी विकला गेला, याची आम्हाला जाणीव आहे.

आता रेंज. खोक्यावर 800 मीटर लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, ते मोकळ्या मैदानातलं, मध्ये काही नसताना, तीननं भागा. आणि भागून आलेला आकडाही मार्चमध्ये मोजू नका. ऊस तोडून गेल्यावर रान मोकळं असतं, तेव्हा कुठलंही यंत्र पोचतं. पुरुषभर वाढलेला, पावसानं भिजलेला ऊस मध्ये उभा असेल तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात मोजा. पानातलं पाणी लहरी पिऊन टाकतं. रिसीव्हर, म्हणजे सेन्सरचा इशारा झेलून वाजणारा डबा, घरात ठेवायचा, सेन्सर हातात धरून फाटकापर्यंत चालत जायचं, दर पन्नास पावलांवर वाजवून बघायचं, आणि घरातल्यानं फोनवर 'वाजली' म्हणायचं. भोक त्यानंतर पाडायचं. या चाचणीतली एक फसगत तुम्ही आधीच सांगितलीत: बॅटरी वाचवायला काही सेन्सर एकदा वाजले की मिनिट-दोन मिनिटं झोपतात. पुढच्या टप्प्यावर तो गप्प राहिला की माणूस समजतो रेंज संपली.

पत्र्याच्या खोलीत रिसीव्हर ठेवला तर अर्धी लढाई तिथेच हरली. फाटकाच्या बाजूच्या खिडकीत, लोखंडी गजांपासून हातभर लांब, अँटेना उभी. फाटकाच्या लोखंडी खांबालाही सेन्सर थेट ठोकायचा नाही. तुम्ही लाकडी खुंटा सांगितलात, तो सिमेंटमध्ये रोवला. झाडाला बांधायचा मोह आवरला, कारण झाड हललं की सेन्सरला सगळं रानच हलतं असं वाटतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणलेलं यंत्र तुम्ही हातात घेऊन, मागचा आकडा वाचून परत दिलंत, तेव्हा जरा वाईट वाटलं होतं. आता कारण कळलंय. तिकडे मोकळा असलेला 902 ते 928 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे मोबाइलच्या वाट्यावर येतो. आपल्याकडे कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्याशिवाय 865 ते 868 मेगाहर्ट्झ मोकळा आहे, आणि 433 च्या जवळचाही. 433 वर दारावरच्या बिनतारी बेला आणि फाटकांचे रिमोट यांची गर्दी असते, म्हणून जुन्या पद्धतीचे, आठ बारीक खटक्यांनी कोड लावायचे सेन्सर नकोत. त्यात कोड जेमतेम 256. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातच वेगळा कोड दिलेला असतो ते घ्यायचे. त्याचा आणखी एक फायदा आम्हाला झाला. सेन्सर फक्त आपला कोड हवेत सोडतो, ऐकणारे कितीही असोत. एकाच सेन्सरचा कोड चारही घरांच्या चार रिसीव्हरना शिकवून झाला.

सिमकार्डवाल्या कॅमेऱ्याबद्दल तुमचं मत आम्हाला जुनाट वाटलं होतं. पण रिचार्ज संपल्याचं कॅमेरा सांगत नाही, तो नुसता गप्प बसतो; ओढ्याकाठच्या खोलगट जागेत नेटवर्क येतं-जातं. आणि हिशेब सेकंदांचा आहे. ताशी 20 किलोमीटरनं येणारी गाडी फाटकापासून घरापर्यंत 45 सेकंदांत पोचते. पायी माणसाला तीन मिनिटं लागतात. फोनवर निरोप उशिरा आला तर गाडीवाला अंगणात आणि निरोप मागून. कॅमेरा नंतर बघायला ठीक, हाकेला बेलच.

लोडशेडिंगचा तोडगा तर खास तुमचाच. रिसीव्हर 5 व्होल्टवर 80 मिलिअँपिअर घेतो. फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची बॅटरी आणि मध्ये 5 व्होल्टचा छोटा कन्व्हर्टर लावला की बॅटरीवर भार येतो साधारण 40 मिलिअँपिअर. बॅटरी अर्धीच वापरायची ठरवली तरी चार दिवस. फवारणीच्या दिवशी बॅटरी पाठीवर जाते आणि बेल बंद पडते, एवढा एकच दोष; त्यासाठी दुसरी बॅटरी घेतलीच पाहिजे, हे मान्य.

सेन्सरमध्ये तुम्ही सांगितल्याप्रमाणे अल्कलाइन सेलच घातलेत. साधे स्वस्त सेल गळून स्प्रिंगा खातात. तारेचं भोक खालच्या बाजूला, सिलिकॉननं बंद, तळाला दाभणाएवढं छिद्र पाणी निथळायला. खुंट्याला वीतभर ग्रीसचा पट्टा फासलाय मुंग्यांसाठी. भिंगासमोरचं कोळ्याचं जाळं दर रविवारी पुसायचं काम धाकट्यांकडे आहे, आणि समोरचं दोन मीटर गवत कापायचं थोरल्यांकडे. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं की दुपारी बेल का वाजते, हे आता वस्तीवर पोरंसुद्धा सांगतात.

तुमचं मल्टिमीटर आमच्याकडे राहिलंय. गुरुवारच्या बाजाराला येऊ तेव्हा घेऊन येतो, सोबत नव्या गुळाची ढेप आहे. दुसऱ्या बॅटरीसाठी कन्व्हर्टर तेवढा काढून ठेवा.

आपली,
उसातल्या वस्तीवरची चार घरं