विज्या, आपली चौपाटी परदेशी गेली

डँडेनाँग, मेलबर्न
रविवार, 17 ऑगस्ट 2025

प्रिय विज्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. झाल्या नसतील तर उरलेल्या शिव्या पत्राच्या शेवटी दे, तिथे जास्त लागतील.

दीड वर्षात मी फोन केला नाही. तुझ्या मेसेजला नुसता अंगठा पाठवत राहिलो. तुझी आई, माझ्या काकी, गेल्या तेव्हा कोरोनात ऑस्ट्रेलियाची दारं बंद होती, हे खरं. पण ती नोव्हेंबर 2021 मध्ये उघडली. त्यानंतरची पावणेचार वर्षं कसली दारं बंद होती, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

तब्येत ठीक. साखर आहे, गोळी चालू आहे. शुभाच्या गुडघ्याचं तेच. ओंकार माझ्याहून वीतभर उंच झालाय.

तर मुद्दा असा, की मी एक चोरी केलीय. आपला 'चौपाटी' हा शब्द इथे वाटून टाकला.

आमच्या गोदामात सकाळी साडेनऊला स्मोको असतो. म्हणजे विडीकाडीची सुट्टी. विडी आता कोणी ओढत नाही, नाव राहिलंय. ही माणसं कुठलाही शब्द पुरता उच्चारत नाहीत, हे तुला सांगितलंच आहे. दुपार म्हणजे आर्वो, पेट्रोल पंप सर्वो, दारूचं दुकान बॉटल-ओ, कचरा उचलणारा गार्बो. मला पहिली दोनतीन वर्षं वाटायचं की हा आळस. मग लक्षात आलं, की विजयचा विज्या, सुधाकरचा सुध्या करतो तसलंच आहे हे. शेपूट छाटायचं आणि वस्तू घरची करायची. मला ते सड्स म्हणतात. सड्स म्हणजे साबणाचा फेस. हसू नकोस, तुझ्या नावाचं काय केलं असतं ते मी केव्हाच ठरवून ठेवलंय.

एका मंगळवारी स्मोकोच्या खोलीत साहेब आला आणि म्हणाला, पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी बंद, ओव्हरटाइम बंद, रोजंदारीवाल्यांचे तास निम्मे. बोलला आणि निघून गेला. आठवडाभर कुजबुज होतीच. अशा कुजबुजीला इथे फर्फी म्हणतात. माझ्यासोबत काम करणारा ब्लूई शेपर्टन गावचा, त्यामुळे फर्फी त्याच्या घरची. त्यांच्या गावी जॉन फर्फी नावाचा लोहार होता, तो पाण्याच्या टाकीचे गाडे बनवायचा. पहिल्या महायुद्धात ते गाडे मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोजच्या छावणीत पाणी घेऊन जायचे. गाड्याभोवती सैनिक जमणार, गाडीवान इकडच्या बाता तिकडे सांगणार. टाकीवर नाव फर्फी, म्हणून बातही फर्फी. हे ऐकलं तेव्हा मला आपला चाळीचा नळच दिसला रे. 'संप मिटला, सोमवारी भोंगा वाजणार.' किती सोमवार ऐकलं ते आपण? गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, आणि मिटला असं अधिकृतपणे कोणी अजून म्हटलेलं नाही. म्हणजे नियमाप्रमाणे आपले बाप अजून संपावर आहेत.

असो. साहेब गेल्यावर खोलीत आवाज नाही. ब्लूई माझ्यासमोर बसला होता. साठीचा माणूस. तरुणपणी केस लाल होते म्हणून नाव ब्लूई, म्हणजे निळ्या. ही यांची जुनी रीत, टकल्याला कर्ली म्हणतात. त्याच्या कपात पाकिटातलं सूप होतं. एका पाकिटात दोन पाकिटांचं पाणी. तळाशी चार शेवया. आणि माझ्या तोंडून निघालं, मोठ्याने, मराठीत: "चौपाटी!"

सगळे बघायला लागले. ब्लूईने विचारलं, म्हणजे काय? मग सांगावं लागलं. मुंबईत संप होता, आम्ही सहावीत होतो, डाळ मूठभर आणि खाणारी तोंडं सात. माझा दोस्त आमटीत पळी घालून म्हणायचा, दादर चौपाटीला ओहोटी लागलीय, पाणी आत गेलं की तळाला वाळू दिसेल. मग आमच्या दोन्ही घरांत पातळ आमटीचं नावच चौपाटी पडलं. (दोस्त म्हणायचा असं मी सांगितलं, हे लक्षात घे. शब्द माझा होता हे आपल्या दोघांना माहीत आहे, पण परक्यांसमोर मी मोठेपणा घेतला नाही.)

ब्लूई असा हसला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, त्याचा आजा सस्सोवर होता. सस्सो म्हणजे 1930 नंतरच्या मंदीत बेकारांना सरकारकडून मिळणारी मदत, तीही बहुतेक शिधा नाहीतर चिठ्ठीच्या रूपात. मूळ शब्द सस्टेनन्स, म्हणजे निर्वाह. 1932 मध्ये इथे जवळजवळ तिघांतला एक कामगार बेकार होता, आणि या बहाद्दरांनी उपासमारीच्या सरकारी नावाचंही शेपूट छाटून ते घरचं केलं. त्याच्यावर पोरं गाणी म्हणायची म्हणे. अवघड दिवस आले की यांच्या जिभेला धार येते. टाळेबंदीत आयसोलेशनचं आयसो केलं, तो 2020 सालचा वर्षाचा शब्द झाला. आमच्या मेलबर्नने सगळे मिळून 262 दिवस बंदीत काढले. 26 ऑक्टोबर 2020 ला शून्य नवे रुग्ण निघाले, तर शून्याचा आकार बघून लोकांनी त्याला डोनट डे म्हटलं आणि खरोखरचे डोनट आणून खाल्ले. मीही खाल्ला. महागाईचं नाव सध्या कॉझी लिव्ह्ज. कॉस्ट ऑफ लिव्हिंगचं हे लाडाचं नाव, 2023 मध्ये मॅक्वारी शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. सिडनीकडे कॉझी म्हणजे पोहायचा पोशाख, त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी उन्हाळी सेल आहे.

आणि आईचा मिलो! ते तुला सांगितलं नाही ना? इथे मिलो म्हणून एक पावडर दुधात घालून पितात, पोरांचं जीव की प्राण. 1934 ची, म्हणजे तीही मंदीच्याच दिवसांतली. मी आईला फोनवर म्हटलं, ओंकारला रोज मिलो लागतो. पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाली, "तिकडंबी दुष्काळ पडलाय का रं?" 72 च्या दुष्काळातली रेशनची लाल मिलो ज्वारी तिच्या दातांत अजून आहे. माझ्या वेळी तिच्या पोटात दुसरं काही नव्हतंच म्हणते. समजावलं, पण पटलं नाही. अजून फोनवर हळूच विचारते, तांदूळ मिळतात ना.

पुढचं ऐक. आठवड्याभरात चौपाटीचं शेपूट छाटलं गेलं. चॉपो. पगाराची चिठ्ठी बारीक आली की "जरा चॉपो आहे, मेट." फोर्कलिफ्टची बॅटरी उतरली की चॉपो. पोरी बघायला जाऊन हात हलवत परत आलेला एक पोरगा, तोही चॉपो. मी आधी छाती फुगवून फिरलो. करी रोडच्या चाळीतला शब्द डँडेनाँगला चालतोय! मग गेल्या सोमवारी ऑफिसातली बाई पडद्यावर तक्ता लावून हसत म्हणाली, पुढची तिमाही जरा चॉपो असणार. विज्या, मला मळमळलं. आपल्या आमटीचं पाणी तिच्या तोंडात बघून. तुला न विचारता दिला म्हणून ही शिक्षा. तशी या देशात शब्द न विचारता घ्यायची परंपराच आहे. मेहनतीच्या कामाला हे हार्ड यक्का म्हणतात. यक्का हा ब्रिस्बेनकडच्या यगारा लोकांचा शब्द. जमीन घेतली, वर त्यांचा 'काम' हा शब्दही घेतला.

पण हे पत्र मळमळीसाठी नाही. ब्लूईसाठी आहे.

बुधवारी मी पहाटे पाचला निघालो. सर्वोच्या मागच्या अंगाला त्याची युट उभी होती. आपल्याकडच्या छोट्या टेम्पोसारखी गाडी, मागे उघडी. काचांवर आतून वाफ. पुढच्या सीटवर एक माणूस दुमडून झोपलेला आणि वर स्वॅग, म्हणजे वळकटी. बाहेर तीन डिग्री. मी गाडी थांबवली नाही. पुढे जाऊन थांबवली, परत वळवली, आणि परत न थांबता गेलो. साडेनऊला तो नेहमीसारखा आला, दाढी केलेली, कपात पाकीट फोडलं, आणि सगळ्यांच्या आधी म्हणाला, "आज चॉपो!" खोली हसली.

मी हळूच विचारलं, यू राइट, ब्लूई? म्हणजे, बरा आहेस ना? म्हणाला, "येह, नाह. लिव्हिंग द ड्रीम." आधी हो, मग नाही. यांची सगळी दुखणी या दोन शब्दांच्या मधल्या फटीत असतात. त्याच भिंतीवर 'आर यू ओके' असं विचारणारं पिवळं पोस्टर आहे. त्याचा दिवस 2009 मध्ये सुरू झाला, आता सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी असतो. त्या दिवशी केक असतो. विचारायचं कसं ते पोस्टरवर लिहिलंय, पण समोरच्याने विनोद केला तर पुढे काय, ते लिहिलेलं नाही.

आता मला तुझे अण्णा दिसतात. चौपाटी म्हटलं की सगळ्यांत मोठ्याने कोण हसायचं? आपल्याला केवढा अभिमान होता, की आपल्या विनोदाला मोठा माणूस हसतो. "तुम्ही जेवा रे, मी युनियनच्या ऑफिसात जेवून आलोय." आपण जेवायचो. वरून त्यांच्या वाटणीचीही ओरपायचो. तिथे जेवणबिवण काही नसायचं, हे तू मला त्यांच्या तेराव्याला सांगितलंस, जिन्यात. आणि मी म्हणालो, मग तेव्हा का नाही बोललास? त्यावरून आपण सहा महिने बोललो नाही. तुला तरी तेव्हा कुठे माहीत होतं. अकरा वर्षांचं पोर. मी ते भांडण आज मागे घेतो. उशीर झालाय, पण घेतो.

शुभा म्हणते, सरळ घरी घेऊन ये, ओंकारची खोली आठ दिवस देऊ. तिला काय, नर्स आहे, ती दिवसभर परक्या माणसांना हाताला धरून उठवते. मला माझ्या आईने तुमच्याकडे पाठवलेलं ताट आठवतं. अण्णांनी कसं परत पाठवलं होतं, वर फडका तसाच, भाकऱ्या तशाच. आणि पुढचे पंधरा दिवस जिन्यात भेटले तरी बाबांशी बोलले नाहीत. ब्लूई त्याच जातीचा आहे. त्याला पैसे पुढे केले तर तो विनोद करेल, आणि दुसऱ्या दिवसापासून युट दुसऱ्या सर्वोला लावेल. मग मला दिसणारही नाही.

चार रात्री यावरच डोकं चालवतोय. काल एकदम काकी आठवल्या. "अहो, मीठ बघा जरा." आठवतं? पहिल्यांदा आमटीचं, मग भाजीचं, मग भाकरीच्या तुकड्याशी दोन्ही लागतंय का ते. अण्णा चाखून चाखून मत द्यायचे आणि अर्धी भाकरी पोटात जायची. काकी कधी त्यांना जेवा म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा वाटायचं, या बाईला मिठाचा अंदाजच नाही.

तुझं सांग. गिरणी कामगारांच्या घरांसाठीच्या म्हाडाच्या लॉटरीचं काय झालं? शेलू-वांगणीला घर देतायत म्हणे, घेणार आहेस की मुंबईसाठी अडून बसणार? (बसणारच. बापाचा मुलगा.) प्राजक्ताला नोकरी लागली का, ते फोटोवरून कळलं नाही, फोटोत नुसता डोंगर होता. ब्लड प्रेशरची गोळी घेतोस ना? दहा दिवसांवर गणपती आले, लालबागच्या गर्दीत फार उभा राहू नकोस, आणि माझ्या नावाने एक नारळ वाढव.

उद्या सोमवार. डब्यात पिठलं नेतोय, दोन माणसांचं. शुभाला सांगितलंय, मीठ मुद्दाम कमी घाल.

तुझा
सुध्या

ता. क. : ठीक आहे, ओहोटी तुझी होती. पण चौपाटी माझीच.