चेन ओढली तर गुन्हा, गळा दाबला तर एनसी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गळा दाबणं हा वेगळा गुन्हा ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या कायद्यांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशय विचारतात, मारहाणीला कलम आहेच, मग आता काय एकेका अवयवाला वेगळं कलम काढायचं? व्वा! टाळ्या.

मी सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला सिस्टर होते. एक बाई आठवते, नवऱ्याने गळा दाबलेला. गळ्यावर म्हणाल तर काही नाही, पण आवाज घोगरा, पाण्याचा घोट घेतला की ठसका, पापणी ओढून बघितली तर आत लाल बारीक ठिपके, आणि साडी लघवीने ओली झाली होती तर बिचारी सांगत होती की तांब्या सांडला म्हणून. सगळी गळा दाबल्याची लक्षणं, आणि सर्टिफिकेटवर काय आलं, तर साधी दुखापत. पोलिसांनी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतली नि बोळवण केली. हवालदार मलाच म्हणतो, "सिस्टर, वळ तरी दाखवा."

अहो पण वळ उठतच नाही बऱ्याचदा! अमेरिकेत सॅन दिएगोत अशा ३०० केसेस तपासल्या तर निम्म्यांत दिसण्यासारखी खूणच नव्हती. म्हणून तर तिकडे एकेका राज्याने कायदे केले, मिनेसोटाने २००५ ला, न्यूयॉर्कने २०१०ला, ओहायोला तर २०२३ उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये श्वास अडवला एवढं पुरतं, जखम दाखवावी लागत नाही. आणि ज्या बाईचा गळा जोडीदाराने आधी दाबलाय तिचा पुढे खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त, हे २००८ च्या तिकडच्याच अभ्यासात आहे. लेखात यातलं काहीच नाही, जागा विनोदात गेली असणार.

ॲसिड हल्ल्याला आपण २०१३ मध्ये वेगळं कलम केलंच की. नव्या न्याय संहितेत स्नॅचिंगलाही स्वतंत्र कलम मिळालं, म्हणजे गळ्यातली चेन ओढली तर दखलपात्र, आणि गळाच दाबला तर बहुतेक वेळा साध्या दुखापतीचं कलम ११५, एनसी, या आता घरी! राज्याने काही करावं म्हटलं तर बायकांवरच्या अत्याचारांसाठी २०२१ला मंजूर केलेलं शक्ती विधेयक दिल्लीला गेलं ते कायदा होऊन परत आलंच नाही.

आणि जाता जाता, 'किरकोळ वादातून पत्नीचा गळा आवळून खून' असं हेडिंग तुम्ही दर आठवड्याला छापता. किरकोळ आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला, नवऱ्याने?

एक निवृत्त परिचारिका, सोलापूर