रविवारी पेनड्राइव्ह घेऊन या, विसरू नका

मंडळी, आपल्या जुन्या नाटकांचं शूटिंग ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह नाहीतर मेमरी कार्डावर आहे त्यांनी रविवारी तालमीला येताना ते आणा. झालं असं की माझा २०१४ चा पेनड्राइव्ह चाव्यांच्या डब्यात नुसता पडून होता, परवा लावला तर फोल्डर दिसतायत पण दुसऱ्या अंकाची फाइल अर्ध्यावर अडकते ती अडकतेच. न वापरता खराब कसा होईल म्हणाल, तर यात डेटा म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेला चार्ज असतो, तो हळूहळू झिरपतो, गरमीत जास्तच, आणि आधी भरपूर लिहून-पुसून झालं असेल तर आणखी लवकर. एसएसडीचंही (कॉम्प्युटरमधली चिपवाली डिस्क) तेच, जेडेकच्या (चिप वगैरेंची मानकं ठरवणारी संस्था) स्टँडर्डमध्ये घरगुती एसएसडी पूर्ण झिजल्यावर ३० डिग्रीला करंटशिवाय १ वर्ष डेटा टिकवावा एवढीच अट आहे (नवा असेल तर बराच जास्त टिकतो, लगेच घाबरू नका). सगळं २ हार्डडिस्कवर घेऊ, एक माझ्याकडे, एक खजिनदारांकडे. आणि कॉपी झाली म्हणून मूळ पेनड्राइव्ह लगेच फॉरमॅट मारू नका प्लीज, मागच्या वेळी एकाने मारला, नाव घेत नाही 😄